नेटवर्कवरचा टायमर बसवून सभागृहातील चित्र व आवाजाचे सिग्नल आपोआप कसे बदलावेत?

तापीकाठ

नमस्कार. चोपडा तालुक्यातील आमच्या गावी देवस्थानाचे सभागृह आहे आणि त्याला लागूनच सार्वजनिक वाचनालय आहे. दोन्हींत मिळून चार पडदे आहेत: सभागृहातला प्रोजेक्टर, भोजनगृहातला टीव्ही, महिलांच्या खोलीतला टीव्ही आणि वाचनालयाच्या ओट्यावरचा टीव्ही. सिग्नलही चार ठिकाणांहून येतात: गाभाऱ्यातला कॅमेरा, व्यासपीठावरचा कॅमेरा, सेट-टॉप बॉक्स आणि बाजारभाव व हवामान दाखवणारा संगणक. मध्ये चार बाय चारचा एचडीएमआय मॅट्रिक्स आहे, म्हणजे कोणताही इनपुट कोणत्याही पडद्यावर पाठवता येतो.

रोजचा क्रम ठरलेला आहे. पहाटे साडेपाचला काकड आरती चारही पडद्यांवर, सकाळी आठ ते अकरा ओट्यावर केळी आणि कापसाचे भाव, दुपारी भोजनगृहात संगणकावरची जुनी प्रवचने, सूर्यास्ताला सायंआरती आणि त्यानंतर हरिपाठ. आज हे सारे एक तरुण कार्यकर्ता रिमोटने करतो. केळीची कापणी सुरू झाली की त्याला मळ्यातून वेळेवर येणे जमत नाही, आणि मग सायंआरतीच्या वेळी भोजनगृहात कोणती तरी मालिका चालू राहते. वयस्कर मंडळी आरतीसाठी येऊन बसलेली असतात. त्यांना हे खटकते आणि ते योग्यच आहे.

मॅट्रिक्सच्या मागे लॅन (नेटवर्कची) आणि आरएस-२३२ (आज्ञा पाठवण्याची जुन्या धर्तीची सिरियल जोडणी) अशी दोन्ही पोर्ट आहेत. नेटवर्कवर चालणारा टायमर बसवून वेळेप्रमाणे सिग्नल बदलायचे आहेत. कोणते उपकरण घ्यावे, प्रोग्रॅम कसा रचावा आणि आपल्याकडची वीज लक्षात घेता कोणती काळजी घ्यावी, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

भुसावळवाला

तापीकाठ भाऊ, टायमर विकत घेण्याआधी मॅट्रिक्सच्या माहितीपुस्तकात आज्ञांची यादी आहे का ते पाहा. यादी मिळाली की लॅपटॉप जोडून एकेक आज्ञा हाताने पाठवून बघा. बहुतेक मॅट्रिक्सना साधी अक्षरे आणि आकडेच लागतात. उदाहरणार्थ, एक्स्ट्रॉन कंपनीच्या मॅट्रिक्सला ‘१*२!’ एवढे पाठवले की पहिला इनपुट दुसऱ्या आउटपुटला चित्र आणि आवाज दोन्हींसह जोडला जातो. तुमच्या मॅट्रिक्सची भाषा वेगळी असेल, पण पद्धत हीच.

आरएस-२३२ वापरणार असाल तर दोन्ही बाजूंचा वेग सारखा असला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी तो ९६०० बॉड (सेकंदाला तितके बिट) असतो. आज्ञेच्या शेवटी ‘एंटर’चे चिन्ह जाते की नाही हेही तपासा, कारण ते न गेल्यामुळे मॅट्रिक्स गप्प बसतो आणि माणूस उगाच वायरवर संशय घेतो. लॅन वापरणार असाल तर मॅट्रिक्सला स्थिर आयपी पत्ता द्या. वीज गेल्यावर राउटरने त्याला वेगळा पत्ता दिला तर टायमरला तो सापडणार नाही.

केळीचा मळा

एवढे कशाला करायचे? बाजारात वायफायचे स्मार्ट प्लग मिळतात. मोबाइलच्या ॲपमध्ये वेळ लावली की झाले. माझ्या मळ्यातली दिव्यांची व्यवस्था तशीच आहे आणि ती व्यवस्थित चालते.

सातपुडा पायथा

केळीचा मळा यांची सूचना दिव्यासाठी योग्य आहे, पण इथे प्रश्न वेगळा आहे. प्लग फक्त वीज चालू-बंद करतो. चारपैकी कोणता सिग्नल कोणत्या पडद्यावर न्यायचा हे त्याला ठरवता येत नाही. शिवाय अनेक टीव्ही वीज परत आल्यावर आपोआप चालू होत नाहीत, ते स्टँडबायमध्येच थांबतात.

दुसरे असे की, त्या ॲपमधील बऱ्याच प्लगांचा कारभार दूरच्या सर्व्हरवरून चालतो. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की दोन दिवस इंटरनेट नसते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. आरतीची वेळ इंटरनेटवर अवलंबून ठेवू नये. टायमर, मॅट्रिक्स आणि त्यांच्यामधली लॅन एवढ्यावरच काम निभावले पाहिजे. इंटरनेट असलेच तर ते घड्याळ जुळवण्यापुरते.

गिरणाकाठ

या धाग्यावर मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण ती पहिल्या दिवशी ठरवली नाही तर पुढे सारा प्रोग्रॅम उलगडून पुन्हा विणावा लागतो.

टायमर म्हटला की आपण गजराच्या पद्धतीने विचार करतो: साडेपाच वाजले की ही आज्ञा पाठव, आठ वाजले की ती पाठव. लिनक्स या संगणकप्रणालीत ठरल्या वेळी काम सुरू करून देणारा क्रॉनही असाच चालतो. आता समजा, पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी वीज गेली आणि पावणेसहाला आली. साडेपाचची आज्ञा पाठवायची वेळ निघून गेली आहे. क्रॉन ती नंतर पाठवत नाही. मॅट्रिक्स रात्रीच्या स्थितीत जागा होतो आणि आठ वाजेपर्यंत चारही पडद्यांवर चुकीचा सिग्नल राहतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत वीज जाणे ही रोजची गोष्ट आहे, म्हणून तिला अपवाद समजून प्रोग्रॅम रचणे बरोबर नाही.

त्याऐवजी वेळापत्रकात क्षण लिहू नका, कालावधी लिहा. प्रत्येक ओळीत चार गोष्टी असाव्यात: कधीपासून, कधीपर्यंत, कोणता पडदा आणि कोणता इनपुट. प्रोग्रॅमने दर वीस-तीस सेकंदांनी हे वेळापत्रक वाचून स्वतःला एकच प्रश्न विचारावा, की या घडीला प्रत्येक पडद्यावर काय असायला हवे? मग मॅट्रिक्सला विचारावे की तुझ्याकडे आत्ता काय जोडलेले आहे? दोन्ही उत्तरे सारखी असतील तर काहीही करू नये, वेगळी असतील तरच आज्ञा पाठवावी. असे केले की वीज केव्हाही जावो आणि केव्हाही येवो, यंत्रणा सुरू झाल्यापासून अर्ध्या मिनिटात पडदे योग्य स्थितीत येतात. हरवलेली आज्ञा शोधण्याची गरजच उरत नाही.

‘वेगळी असतील तरच’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तीच आज्ञा पुन्हा पाठवली तरी काही मॅट्रिक्स जोडणी नव्याने करतात आणि पडदा क्षणभर काळा होतो. दर अर्ध्या मिनिटाला आरती अशी तुटू लागली तर लोक टायमर काढून ठेवायला सांगतील.

तसेच, लॅनवर जोडणी झाली म्हणजे आज्ञा पाळली गेली असे समजू नका. आज्ञेनंतर मॅट्रिक्स जे उत्तर देतो ते वाचा आणि वाचल्यावर पुन्हा स्थिती विचारून खात्री करा. काही मॅट्रिक्स एका वेळी एकच जोडणी स्वीकारतात, तेव्हा काम झाले की जोडणी बंद करा. नाहीतर कोणी लॅपटॉप लावून पाहायला गेले तर त्याला आतच घेतले जाणार नाही.

वाघूर

गिरणाकाठ दादांचे म्हणणे तर्काने पटते, पण व्यवहारात मला त्यात मोठी अडचण दिसते. गावात कोणी गेले तर दोन तासांत सभागृहात शोकसभा ठेवली जाते. कार्यकर्ता मॅट्रिक्सचे बटण दाबून व्यासपीठाचा कॅमेरा सर्व पडद्यांवर लावतो. तुमचा प्रोग्रॅम वीस सेकंदांनी पाहणार की वेळापत्रकात तर बाजारभाव आहेत, आणि शोकसभेच्या मध्येच ओट्यावर केळीचे भाव झळकणार. हे कोणालाही सहन होणार नाही.

गजराच्या पद्धतीत निदान माणसाने हाताने केलेला बदल पुढच्या वेळेपर्यंत टिकतो. बऱ्याच मॅट्रिक्सना वीज परतल्यावर शेवटची स्थितीही आठवते. म्हणून ती पद्धत मला अजूनही अधिक भरवशाची वाटते.

गिरणाकाठ

वाघूर भाऊंचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि तो प्रोग्रॅममध्ये यायलाच हवा. उपाय असा की ‘हाताने’ अशी एक स्वतंत्र अवस्था ठेवायची. प्रोग्रॅमने स्वतः आज्ञा न पाठवता मॅट्रिक्सची स्थिती बदललेली दिसली, तर ती माणसाने बदलली आहे असे समजून त्या पडद्यापुरते वेळापत्रक बाजूला ठेवायचे. मात्र वीज नुकतीच आली असेल तर असे समजायचे नाही, कारण तेव्हा मॅट्रिक्स स्वतःच कोणत्याही स्थितीत जागा झालेला असू शकतो. ‘हाताने’ ही अवस्था किती काळ चालावी हे मात्र आधी ठरवले पाहिजे. माझ्या मते पुढची ओळ सुरू होईपर्यंत किंवा दोन तास, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत.

मॅट्रिक्सला शेवटची स्थिती आठवते हे खरे, पण ती वीज जाण्यापूर्वीची स्थिती असते. आपल्याला हवी असते ती वीज आल्यानंतरच्या वेळेची.

वाघूर

हाताने केलेला बदल ओळखण्याची कल्पना चांगली आहे. दोन तासांचे बंधन मात्र मला मान्य नाही. शोकसभा, ग्रामसभा किंवा लग्नघरची बैठक घड्याळ पाहून संपत नाही. भिंतीवर एक मोठे बटण आणि त्याच्याजवळ दिवा असावा. बटण दाबले की दिवा लागेल आणि वेळापत्रक थांबेल. पुन्हा दाबेपर्यंत थांबलेलेच राहील. विसरले गेले तर रात्री अकराला आपोआप मोकळे होईल, म्हणजे दुसऱ्या दिवशीची काकड आरती चुकणार नाही.

पांझराकाठ

वर घड्याळाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. टायमरची सारी किंमत त्याच्या घड्याळावर आहे.

साध्या इलेक्ट्रॉनिक घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. तो सुमारे २५ अंश तापमानाला सर्वांत बरोबर चालतो. तापमान त्याहून वाढो वा घटो, तो मंदच होतो, आणि फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात मंद होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याखालच्या बंद कपाटात, ॲम्प्लिफायरच्या शेजारी, त्याहून जास्त. नुसत्या ४५ अंशांना असा स्फटिक दिवसाला एक सेकंदाहून थोडा अधिक मागे पडतो. मूळ घडणीतली चूक वेगळीच. दोन्ही मिळून महिन्याला मिनिटभराहून अधिक फरक पडू शकतो. पुण्याच्या वातानुकूलित खोलीत जे घड्याळ वर्षभर चांगले चालते, ते भुसावळच्या पत्र्याखाली तसे चालेल असे धरून चालू नका.

म्हणून डीएस-३२३१ ही चिप असलेले घड्याळ वापरा. तिच्या आत तापमान मोजण्याची सोय आहे आणि त्याप्रमाणे ती चाल दुरुस्त करते. शून्य ते चाळीस अंशांत तिची चूक दहा लाखांत दोन भाग, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट एवढीच असते; त्याहून गरम जागी थोडी वाढते. तिला बटणासारखा सेल असतो, त्यामुळे वीज नसतानाही वेळ चालू राहते. टायमरसाठी रास्पबेरी पाय हा एका पाटीवरचा छोटा संगणक वापरणार असाल, तर पाय ४ पर्यंतच्या पाटीवर असे घड्याळ मुळीच नाही. पाय ५ वर आहे, पण त्याचा सेल वेगळा आणून जोडावा लागतो. घड्याळ नसलेली पाटी वीज आल्यावर जुनीच वेळ धरून उठते, आणि प्रोग्रॅम त्या चुकीच्या वेळेवर पूर्ण विश्वासाने आज्ञा पाठवू लागतो.

इंटरनेट असेल तेव्हा एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने, वेळ जुळवावी. ही पद्धत डेव्हिड मिल्स यांनी रचली आणि तिची पहिली अधिकृत नोंद १९८५ सालची आहे. ती यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालते, तेव्हा राउटरमध्ये ते पोर्ट बंद नाही ना हे पाहा. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते आणि तिचा स्वतःचा एनटीपी सर्व्हर आहे. टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी हा पत्ता सेटिंगमध्ये लिहिता येतो.

आणि कालक्षेत्र ‘आशिया कोलकाता’ असे निवडायला विसरू नका. ते न निवडल्यास यंत्र जागतिक वेळेवर चालते आणि सकाळी सहाची ओळ साडेअकराला सुरू होते. ‘टायमर बिघडला’ अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हेच तपासतो.

अक्षरवेल

मी वाचनालयात काम करते, त्यामुळे यंत्राबद्दल फार बोलणार नाही. वेळापत्रकाबद्दल मात्र मला आग्रहाने लिहायचे आहे. वेळापत्रक प्रोग्रॅमच्या आत लिहू नका. ते साध्या स्प्रेडशीटसारख्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे पुजारीकाका किंवा मी ते बदलू शकू. ज्याने प्रोग्रॅम लिहिला तो नोकरीसाठी सुरतेला गेला की यंत्रणा जशीच्या तशी गोठून जाते, असे मी एका संस्थेत पाहिले आहे.

दुसरे म्हणजे आपले सण इंग्रजी तारखांनी येत नाहीत. श्रावणात आपल्या खानदेशातली कानबाई देवी बसते त्या रविवारी रात्रभर कार्यक्रम असतो. तो रविवार ‘ऑगस्टचा दुसरा रविवार’ असा कायमचा लिहिता येणार नाही. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि निज श्रावणातले सारे सण पुढे सरकले. म्हणून रोजचे वेळापत्रक एक आणि विशेष दिवसांचे दुसरे, अशा दोन फाइली असाव्यात. गुढीपाडव्याला नवे पंचांग हातात आले की दोघांनी बसून विशेष दिवसांच्या तारखा भराव्यात. ज्या तारखेला विशेष ओळ असेल तिथे रोजची ओळ आपोआप मागे पडली पाहिजे.

सायंआरती सूर्यास्ताला असते असे तापीकाठ दादांनी लिहिले आहे. ती ठरावीक वेळेवर बसवता येणार नाही, कारण डिसेंबर आणि जून यांच्यात सूर्यास्ताचा फरक जवळपास दीड तासाचा पडतो.

पांझराकाठ

अक्षरवेल ताई, सूर्यास्त प्रोग्रॅमने काढता येतो. त्यासाठी गावाचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. मात्र ते आपल्या गावाचेच द्यावेत. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे आणि जळगाव साधारण साडेपंच्याहत्तर अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशोबाने आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे अठ्ठावीस मिनिटे मागे असतो, म्हणून माध्यान्ह सरासरीने साडेबाराच्या आसपास येते. प्रोग्रॅममध्ये आधीपासून भरलेला दुसऱ्या शहराचा रेखांश तसाच राहिला तर आरतीची वेळ रोज तेवढ्याच फरकाने चुकेल आणि कारण लवकर सापडणार नाही.

भुसावळवाला

क्रॉनबद्दल आणखी एक इशारा. ‘महिन्याचा पहिला रविवार’ लिहिण्यासाठी बरेच जण तारखेच्या रकान्यात एक ते सात आणि वाराच्या रकान्यात रविवार लिहितात. क्रॉनमध्ये हे दोन्ही रकाने भरले तर दोहोंपैकी एक जुळले तरी काम होते. म्हणजे पहिले सातही दिवस आणि त्याशिवाय प्रत्येक रविवार! गिरणाकाठ यांच्या पद्धतीने स्वतःचे वेळापत्रक वाचणारा प्रोग्रॅम लिहिला तर हा घोळ टळतो.

ध्वनिवेध

मी मंडप आणि ध्वनिक्षेपणाचे काम करतो. चित्राबद्दल सर्वांनी लिहिले, पण लोक चित्र गेले तर थांबतात आणि आवाज फाटला तर उठून जातात.

सिग्नल बदलण्याच्या क्षणी स्पीकरमधून ‘फट्’ असा आवाज येतो. तो टाळण्यासाठी प्रोग्रॅमने आधी आवाज बंद करावा, मग सिग्नल बदलावा, दोन-तीन सेकंद थांबावे आणि मग आवाज सुरू करावा. हे थांबणे अनावश्यक समजू नका. एचडीएमआयमध्ये नवा सिग्नल आला की पडदा आणि उगम (जिथून सिग्नल येतो ते उपकरण) यांच्यात आधी ओळख पटवली जाते. सेट-टॉप बॉक्ससारख्या उपकरणांत एचडीसीपी या नक्कल रोखणाऱ्या सुरक्षेचीही तपासणी होते. तेवढा वेळ चित्र येत नाही. ॲम्प्लिफायर चालू-बंद करायचा असेल तर तो सर्वांत शेवटी चालू करावा आणि सर्वांत आधी बंद करावा.

चार वेगवेगळे पडदे असतील तर ईडीआयडीकडे लक्ष द्या. प्रत्येक पडदा आपल्याला कोणते चित्र दाखवता येते हे उगमाला कळवत असतो. तुमच्याकडे एखादा जुना, कमी रिझोल्यूशनचा टीव्ही असेल तर त्याच्यामुळे सगळ्यांचेच चित्र खाली येऊ शकते, किंवा एका पडद्यावर काहीच दिसत नाही. बहुतेक मॅट्रिक्समध्ये ईडीआयडी ठरावीक करून ठेवता येतो. चारही पडद्यांना चालेल असे एकच रिझोल्यूशन निवडून ते प्रत्येक इनपुटवर पक्के करा. असे केले की बदल लवकर होतो आणि टायमर उगाच बदनाम होत नाही.

तापीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ध्वनिवेध यांचे वाचून एक जुनी शंका विचारतो. सभागृहातून वाचनालयाच्या ओट्यापर्यंत आमची कॅट-६ वायर गेली आहे आणि दोन्ही टोकांना एचडीएमआयचे डबे आहेत. ही वायर लॅनच्या स्विचमध्ये लावून सगळे एकाच नेटवर्कवर आणता येईल का?

ध्वनिवेध

भाऊ, डब्यावर एचडीबेस-टी लिहिले असेल तर ती वायर लॅनच्या स्विचमध्ये मुळीच लावू नका. वायर आणि पिन नेटवर्कसारख्याच दिसतात, पण आत जाणारा सिग्नल वेगळा असतो. तो एका डब्यातून थेट दुसऱ्या डब्यात जातो. चांगली वायर असेल तर शंभर मीटरपर्यंत जातो. काही डबे त्याच वायरीतून वीजही पाठवतात, त्यामुळे स्विच जळू शकतो. नेटवर्कची वायर निळी आणि ही लाल, असा रंगाचा भेद ठेवा आणि दोन्ही टोकांना पट्टी लावून नाव लिहा.

ही वायर उघड्यावरून जात असेल तर तिला पाइपात घाला आणि दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला धक्का अडवणारे साधन) लावा. मृगाआधीच्या वादळात वीज जवळ पडली तरी अशा लांब वायरीतून मॅट्रिक्सचे पोर्ट जाते. माझ्या कामात मे-जूनमध्ये येणाऱ्या दुरुस्त्यांत हे कारण नेहमी असते.

सातपुडा पायथा

उपकरणाच्या प्रश्नाकडे येतो. रास्पबेरी पायऐवजी ईएसपी-३२ ही वायफाय असलेली छोटी नियंत्रक चिप वापरावी असे माझे मत आहे. पायची सारी प्रणाली मेमरी कार्डवर असते आणि लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्ड खराब होऊ शकते. ईएसपी-३२ मध्ये कार्ड नसते आणि तो दोन-चार सेकंदांत सुरू होतो. आरएस-२३२ ला जोडताना मात्र मध्ये मॅक्स-३२३२ सारखी चिप हवीच, कारण ईएसपीच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि आरएस-२३२ वर उणे बाजूचाही दाब येतो. थेट जोडले तर पिन जाईल.

गिरणाकाठ

एका पडद्याचे काम असते तर मीही ईएसपीच सुचवला असता. इथे दोन फाइलींचे वेळापत्रक आहे, सूर्यास्ताचे गणित आहे, नोंदवही ठेवायची आहे आणि अक्षरवेल ताईंना फाइल बदलता आली पाहिजे. हे पायवर पुष्कळ सोपे जाते. कार्ड वाचवण्यासाठी प्रणाली ‘फक्त वाचन’ अवस्थेत चालवता येते. तेव्हा लिहिणे तात्पुरत्या मेमरीत होते आणि वीज गेली तरी कार्डाला धक्का लागत नाही. वेळापत्रकाच्या फाइली वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवाव्यात.

प्रोग्रॅम लिहिताना मध्यरात्र ओलांडणाऱ्या ओळींकडे खास लक्ष द्या. आषाढी एकादशीचा जागर रात्री दहा ते पहाटे चार असा लिहिला, तर ‘दहानंतर आणि चारच्या आधी’ अशी एकही वेळ त्या दिवसात नसते आणि ओळ कधीच लागू होत नाही. शेवटची वेळ सुरुवातीच्या वेळेपेक्षा लहान असेल तर ती दुसऱ्या दिवसाची समजायची, आणि पहाटे दोन वाजता प्रोग्रॅमने आदल्या तारखेच्या ओळीही तपासायच्या. कानबाईच्या रात्रीलाही हेच लागू आहे.

सातपुडा पायथा

फाइल बदलण्याचा मुद्दा मान्य. मग निदान सुरक्षिततेचे पाहा. बऱ्याच मॅट्रिक्सना टेलनेटच्या (नेटवर्कवरून साध्या अक्षरांत आज्ञा देण्याच्या जुन्या पद्धतीच्या) २३ क्रमांकाच्या पोर्टवर पासवर्डशिवाय आज्ञा देता येते. वाचनालयातील वायफाय विद्यार्थ्यांना खुले असेल तर कोणीही मोबाइलवरून पडदे बदलू शकेल. मॅट्रिक्स, टायमर आणि कॅमेरे वेगळ्या स्विचवर ठेवा. वाचनालयाच्या वायफायला त्यांच्यापर्यंत वाट नसावी. घरून नियंत्रण करता यावे म्हणून राउटरवर हे पोर्ट बाहेर उघडण्याचा मोह अजिबात नको.

वाघूर

मी सुरुवातीला गजराच्या पद्धतीच्या बाजूने लिहिले होते. बटण आणि दिवा मिळणार असतील तर कालावधीची पद्धत मला मान्य आहे. मात्र दिवा सभागृहात सर्वांना दिसेल असा लावा, कपाटाच्या आत नको. वेळापत्रक थांबलेले आहे हे कार्यकर्त्याप्रमाणेच शेवटी कुलूप लावणाऱ्यालाही कळले पाहिजे.

तापीकाठ

सर्वांच्या सांगण्यावरून पुढीलप्रमाणे ठरवत आहोत. रास्पबेरी पाय, डीएस-३२३१ घड्याळ, मॅट्रिक्सशी लॅनने जोडणी, कालावधीचे वेळापत्रक दोन फाइलींत, सूर्यास्त आमच्या गावाच्या रेखांशावरून, आणि प्रवेशद्वाराजवळ बटण व तांबडा दिवा. मॅट्रिक्स, टायमर, स्विच आणि राउटर एका छोट्या यूपीएसवर ठेवू. विशेष दिवसांची फाइल पुजारीकाका आणि वाचनालयाच्या ताई मिळून भरतील.

दोन प्रश्न उरले आहेत. वर्षभराचे वेळापत्रक बरोबर आहे की नाही हे वर्षभर थांबल्याशिवाय कसे तपासावे? आणि सभागृहातील प्रोजेक्टर आरतीनंतर बंद करायचा असेल तर त्याची वीज टायमरने तोडली तर चालेल का?

गिरणाकाठ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: प्रोग्रॅममध्ये वेळ थेट घड्याळातून न घेता ती बाहेरून देता येईल अशी सोय ठेवा. मग संगणकावर खोटी वेळ पुढे सरकवत पुढच्या पाडव्यापर्यंतचा प्रत्येक बदल कागदावर छापता येतो: तारीख, वेळ, पडदा, इनपुट. मॅट्रिक्स जोडण्याची गरज नाही. तो कागद पुजारीकाकांना वाचायला द्या. एकादशी चुकली असेल तर ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या आधी त्यांच्या लक्षात येईल. मध्यरात्रीच्या ओळी, अधिक महिना आणि वर्ष बदलतानाची रात्र तेवढी तुम्ही स्वतः पाहा.

ध्वनिवेध

प्रोजेक्टरची वीज थेट तोडू नका. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावरही त्याचा पंखा काही वेळ चालून दिवा थंड करतो. मध्येच वीज गेली तर दिव्याचे आयुष्य कमी होते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर जास्तच. तुमच्या प्रोजेक्टरला लॅन पोर्ट असेल तर त्यात पीजेलिंक आहे का ते पाहा. ही अनेक उत्पादकांनी स्वीकारलेली आज्ञापद्धत आहे आणि ४३५२ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. तिने प्रोजेक्टर नीट बंद करता येतो आणि तो चालू आहे, बंद आहे की थंड होत आहे, हेही विचारता येते. थंड होत असताना चालू करण्याची आज्ञा काही प्रोजेक्टर घेत नाहीत, तेव्हा प्रोग्रॅमने उत्तर पाहून थोड्या वेळाने पुन्हा पाठवावी.

वेळापत्रकात प्रोजेक्टरची ओळ आरतीच्या पाच मिनिटे आधी सुरू करा. दिवा पूर्ण उजळेपर्यंत गाभाऱ्याचे चित्र पडद्यावर स्थिर झालेले असेल.